सगळ्या वर्गाला ठाऊक, बाईंना सोडून

दुसरीतलं मूल शाळेची वेळ झाली की पोट दुखतंय म्हणतं. रविवारी दुखत नाही, गणपतीच्या सुट्टीत दुखत नाही. घरचे ओवा देतात, डॉक्टर जंताचं औषध देतात. मग कधीतरी उलगडा होतो: मधल्या सुट्टीत तिघं जण त्याची चप्पल शौचालयामागे भिरकावतात आणि ते लंगडत आणायला गेलं की बाकीचे हसतात. बाई वर्गात विचारतात, तेव्हा भराभर हात वर होतात. ‘हो बाई, रोजच करतात!’

तीस मुलांना महिनाभर माहीत असलेली गोष्ट त्याच मुलांबरोबर दिवस घालवणाऱ्या बाईंना कशी कळली नाही? आणि ज्या मुलांनी विचारल्याबरोबर सगळं सांगून टाकलं, त्यांनी आधी एकदाही तोंड का उघडलं नाही? बाई निष्काळजी नसतात, मुलंही दुष्ट नसतात. तरीही असं घडतं, आणि जगभर घडतं. युनेस्कोने २०१९ मध्ये १४४ देशांतली माहिती एकत्र करून सांगितलं, की गेल्या महिनाभरात एकदा तरी सोबत्यांकडून छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळपास तीनात एक आहे. असा छळ लहान वर्गांतच कसा थांबवता येईल, याचं बरंचसं उत्तर या कोड्यात दडलेलं आहे.

भांडण कुठे संपतं, छळ कुठे सुरू होतो

दोन मुलं झोक्यासाठी भांडली, एकाने ढकललं, दुसऱ्याने चावा घेतला, दहा मिनिटांनी दोघं एकाच बाकावर चिंचा खात बसली. हे भांडण झालं. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन दाखवलं, की मारणं, ढकलणं, ओरबाडणं साधारण दोन ते चार या वयात सर्वांत जास्त असतं. पुढे बोलता येऊ लागतं, थोडं थांबता येऊ लागतं, तसं ते कमी होतं. म्हणून बालवाडीत चावणाऱ्या मुलाला ‘गुंड’ ठरवण्याचं कारण नाही. त्याला हात आवरायला शिकवायचं असतं, एवढंच.

छळ ओळखण्यासाठी नॉर्वेत काम केलेल्या डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी तीन खुणा सांगितल्या, आणि त्या आजही सगळीकडे वापरल्या जातात. एक, कृती मुद्दाम केलेली असते. दोन, ती पुन्हा पुन्हा होते. तीन, दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं, त्यामुळे सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. बरोबरीच्या दोघांत समेट घडवता येतो. जिथे एका बाजूला तिघं आणि दुसऱ्या बाजूला एकटं मूल आहे, तिथे ‘दोघांचंही चुकलं, हात मिळवा’ म्हणणं हा सोसणाऱ्यावर आणखी एक अन्याय ठरतो.

छळाला दर वेळी हात लागतोच असं नाही. तो तोंडानेही होतो: आडनावावरून, रंगावरून, तोतरेपणावरून, जाड चष्म्यावरून. आणि न बोलताही होतो. दोन मैत्रिणींची कट्टी दुसऱ्या दिवशी बट्टीत विरघळते. पण एकीच्या हुकमावरून सगळ्या मुली एखादीशी आठवडाभर बोलत नाहीत, डबा खाताना तिच्याजवळची जागा रिकामी ठेवतात, तेव्हा ते वाळीत टाकणं असतं. अंगावर वळ नसतो, फाटलेला शर्ट नसतो, म्हणून मोठ्यांना ते दिसत नाही. सात वर्षांच्या मुलीला मात्र ते पुरेपूर कळतं.

बळ येतं कुठून

पहिलीतली मुलं वजन-उंचीत फारशी वेगळी नसतात. मग काहींच्या हाती बळ येतं कसं? ते आजूबाजूच्या मोठ्यांच्या जगातून उसनं घेतलेलं असतं.

रायगड जिल्ह्यातल्या पनवेल-उरण रस्त्यावरचं जासई हे गाव घ्या. हे शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं जन्मगाव. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध १९८४ च्या जानेवारीत झालेल्या शेतकरी आंदोलनाचं ते एक केंद्र होतं, आणि त्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. भातशेती आणि मिठागरांच्या या पट्ट्यात कंटेनर यार्ड, गोदामं, ट्रकच्या रांगा आल्या. २०२४ च्या जानेवारीत मुंबईहून येऊन चिर्ल्याजवळ उतरणारा अटल सेतू खुला झाला. गाव इतकं बदलतं, तेव्हा शाळेचा वर्गही बदलतो. आगरी, कराडी आणि कोळी घरांतली मुलं, डोंगराकडच्या कातकरी वाड्यांवरची मुलं, कामासाठी मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबांतली मुलं या पट्ट्यात एका फळ्यासमोर येऊ शकतात.

अशा वर्गात वेगळेपणाला तोटा नसतो, आणि चिडवायला वेगळेपण लागतंच. घरी ‘आयला’ म्हणणारं मूल वर्गात ‘आला’ म्हणायला अडखळतं. हिंदी बोलणाऱ्या मुलाला मराठी कविता पाठ होत नाही. वाडीवरून चालत येणाऱ्याच्या पायात चप्पल नसते. ज्याच्या भाषेला वर्गात जागा नाही, त्याला तक्रारही धड करता येत नाही, आणि हे मारणाऱ्याला बरोबर कळतं. वर्गात नव्याने आलेलं, अजून एकही मित्र न जमलेलं मूल म्हणूनच सर्वांत आधी सापडतं.

कोणतं वेगळेपण हसण्याजोगं आहे, हे मुलं आपण होऊन ठरवत नाहीत. घरी मोठे एखाद्या वस्तीबद्दल कसं बोलतात आणि वर्गात बाई कोणाच्या उच्चारावर हसतात, यावरून ती ते शिकतात. बाईंनी सकाळी गमतीने वापरलेलं टोपणनाव दुपारपर्यंत मैदानावर पोचलेलं असतं. उलट बाईंनी ‘आयला’ हा शब्द फळ्यावर ‘आला’च्या शेजारी लिहिला, ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ असं सगळ्यांना विचारलं आणि हिंदी, कातकरी शब्दही त्याच रांगेत मांडले, तर त्या शब्दाची थट्टा करण्यातली गंमत निघून जाते.

पाहणाऱ्यांची ताकद

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दोनच माणसं येतात, मारणारा आणि मार खाणारा. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या चित्रात उरलेला वर्ग आणला. कोणी म्होरक्याला हातभार लावतं. कोणी स्वतः काही करत नाही, पण हसून, ‘अजून एक!’ म्हणून चेव आणतं. कोणी बाजूला होऊन गप्प राहतं. थोडी मुलं मात्र सोसणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहतात.

या भूमिका केवळ कागदावरच्या नाहीत. टोरांटोतल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून प्रत्यक्ष प्रसंग टिपले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं, की भोवतालची मुलं निम्म्याहून अधिक वेळ, म्हणजे ५४ टक्के, नुसती बघत उभी होती. २१ टक्के वेळ ती छळणाऱ्याची नक्कल करत त्यात सामील झाली होती आणि २५ टक्के वेळ सोसणाऱ्याची बाजू घेत होती. छळणाऱ्याच्या नजरेने पाहा: समोर प्रेक्षक आहेत, कोणी अडवत नाही, काही जण हसतात. त्याला हवं ते मिळालं. चप्पल फेकण्यात त्याला रस कमी, चप्पल फेकल्यावर मिळणाऱ्या मानात जास्त.

याच संशोधनाचा २००१ मधला भाग आशा वाढवणारा आहे. सोबत्यांनी मध्ये पडल्याचे प्रसंग थोडे होते, सुमारे १९ टक्के. पण ती मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. आठ वर्षांच्या मुलाचं ‘ए, सोड ना त्याला’ एवढं बोलणंही बऱ्याचदा पुरतं.

मग बाकीची गप्प का राहतात? पहिलं कारण भीती: आज मध्ये पडलो तर उद्या माझी चप्पल. दुसरं, प्रत्येकाला वाटतं की बाकी कोणीच काही बोलत नाही, म्हणजे त्यांना यात गैर वाटत नसणार. मनातून सगळ्यांनाच नको असतं आणि प्रत्येक जण स्वतःला एकटा समजतो. तिसरं, सांगायला गेलेल्या मुलाला ‘चुगलखोर’ म्हणतात, आणि कधी कधी मोठेच म्हणतात. ‘सारख्या तक्रारी घेऊन येऊ नका’ हे वाक्य ऐकलेला वर्ग पुढे खरोखरच काही सांगत नाही. सुरुवातीच्या कोड्याचा अर्धा उलगडा इथे होतो.

सगळ्यांनी मिळून राखण्याचं महत्त्व उरणच्या खारपट्ट्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला खेकडा बीळ पाडतो, उधाणाचं पाणी त्यातून वाट काढतं आणि बघता बघता खांड पडते. त्या वेळी खेकड्याला शिव्या देत बसलं तर शेत जातं. बांध सगळ्यांनी मिळून राखायचा असतो, कारण खारं पाणी आत आलं की ते एकट्याच्या शेतात थांबत नाही. वर्गाचंही तसंच आहे. त्रास देणारं मूल प्रत्येक वर्षी कुठून तरी निघणारच. बाकीचा वर्ग भक्कम असेल, तर त्याला वाट मिळत नाही.

बाईंच्या नजरेपलीकडे

कोड्याचा उरलेला अर्धा भाग जागेचा आणि वेळेचा आहे. टोरांटोच्याच १९९७ मधल्या निरीक्षणात शिक्षकांनी मैदानावरच्या प्रसंगांपैकी अवघ्या ४ टक्क्यांत हस्तक्षेप केला होता. बहुतेक प्रसंग काही सेकंदांत उरकतात, आणि जिथे मोठं माणूस नाही तिथेच घडतात.

आपल्या शाळांत अशा जागा कोणत्या? शौचालयाकडचा कोपरा, पाण्याच्या नळाजवळची गर्दी, खिचडीची रांग, जिन्याखालची जागा, दप्तरांनी भरलेली रिक्षा किंवा व्हॅन, शाळा सुटल्यावरची पहिली दहा मिनिटं. वर्गात बाईंसमोर घडतं, तेही अर्धंच दिसतं. बाकाखालून पाय मारणारा दिसत नाही. चिडून किंचाळणारा दिसतो आणि ओरडा त्यालाच बसतो. असं दोन-तीनदा झालं, की सोसणारं मूल शहाणं होतं आणि किंचाळणंही सोडून देतं.

यावर कॅमेऱ्यापेक्षा साधा आणि लवकर उपयोगी पडणारा उपाय आहे. मुलांना शाळेचा कच्चा नकाशा काढायला सांगावा. जिथे छान वाटतं तिथे हिरवा ठिपका, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल ठिपका. नाव लिहायचं नाही, कोणाचं नाव घ्यायचंही नाही. पहिलीतली मुलंही हे करू शकतात. तीस कागद एकावर एक ठेवले की लाल ठिपके दोन-तीन जागी गोळा झालेले दिसतात. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसाने नेमकं तिथे उभं राहायचं.

आधी सुचणारे उपाय का फसतात

‘तूही दोन ठेवून दे’ हा घरचा सल्ला. बळ असमान आहे म्हणूनच तर हा छळ आहे. त्या मुलाला उलट मारता आलं असतं, तर त्याने ते कधीच केलं असतं. प्रयत्न करून तो हरला, तर बघणाऱ्यांची करमणूक दुप्पट होते आणि घरी सांगायची वाटही बंद होते, कारण आता त्याने बाबांनाही निराश केलेलं असतं.

‘लक्ष देऊ नकोस’ हाही सल्ला लहान मुलाला पेलत नाही. चिडवणं दोघांतच असतं तर कदाचित जमलं असतं. इथे प्रेक्षक आहेत, आणि मिळालेला मान त्यांच्याकडून येतो. सोसणाऱ्याने कान बंद केले म्हणून प्रेक्षक हसायचे थांबत नाहीत.

छळणाऱ्याला सगळ्यांदेखत छडी किंवा अंगठे धरून उभं करणं? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा देणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही निषिद्ध आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी त्या शिक्षेतून मूल शिकतं काय? बळकट असेल त्याने दुबळ्याला सगळ्यांसमोर लाजवावं. हे तर त्याला आधीच येत होतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाची कोणतीही कृती गुन्हा ठरत नाही. पहिलीतल्या मुलाला ‘पोलिसात देईन’ म्हणणारे मोठे पोकळ धमकी देत असतात. या वयात प्रश्न शिकवण्याचा असतो. परिणामही हवा, पण तो चुकीशी जोडलेला हवा: चप्पल फेकली तर ती शोधून, धुऊन आणून द्यायची, आणि पुढचे काही दिवस मधल्या सुट्टीत बाईंच्या नजरेसमोरच खेळायचं.

कुठे काय करून पाहिलं

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी जीव दिला आणि त्यामागे सोबत्यांनी केलेला छळ असावा अशा बातम्या आल्या. देश हादरला. पुढच्याच वर्षी सरकारने देशभर मोहीम घेतली. ओल्वेउस यांनी बर्गनमधल्या ४२ शाळांत तिचा परिणाम तपासला, तेव्हा छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं आढळलं. त्यात जादू काही नव्हती: वर्गाने मिळून केलेले नियम, सुट्टीतली देखरेख, पालकांशी बोलणं, आणि प्रत्येक प्रसंगाचा पाठपुरावा.

फिनलंडने बघणाऱ्या मुलांवर भर देणारा ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला आणि २००९ पासून तो देशभर नेला. वर्गात नाटुकली, चर्चा, खेळ यांतून मुलं ‘मी तिथे असतो तर काय केलं असतं’ याचा सराव करतात.

असे कार्यक्रम किती उपयोगी पडतात? केंब्रिजचे डेव्हिड फॅरिंग्टन आणि मारिया तोफी यांनी २०११ मध्ये ४४ मूल्यमापनं एकत्र तपासली. छळ करणाऱ्यांचं प्रमाण सरासरी २० ते २३ टक्क्यांनी आणि सोसणाऱ्यांचं १७ ते २० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. म्हणजे बर्गनइतकं यश सगळीकडे मिळत नाही, पण घट खरी आहे. ज्या कार्यक्रमांत मैदानावरची देखरेख आणि पालकसभा होत्या, ते अधिक चालले. त्याच अभ्यासाने एक इशाराही दिला: मुलांमधल्या भांडणांचा निवाडा मुलांवरच सोपवणारे प्रयोग उलटू शकतात. सोबत्याला आधार देणं हे मुलांचं काम, न्याय करणं मोठ्यांचं. मॉनिटरच्या हाती छडी आणि फळ्यावर नावं लिहायचा अधिकार देणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यावं.

आपल्या जवळचा पुरावाही आहे. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांबरोबर ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन ‘मित्र’ म्हणून नेमलं, काहींत तेच काम शिक्षकांकडे दिलं, काहींत नेहमीचे पाठ चालू ठेवले. मन मोकळं करायची पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, स्पर्धा, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं, असं कामाचं स्वरूप होतं. जिथे वेगळा ‘मित्र’ होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, छळ आणि मुलांमधलं नैराश्य कमी झालं. शिक्षकांवर तेच काम जास्तीचं म्हणून टाकलं तिथे तसा फरक दिसला नाही. ही मुलं मोठी होती, तरी निष्कर्ष आपल्याला लागू पडण्याजोगा आहे: शिकवणं, खिचडी, सर्वेक्षणं सांभाळणाऱ्या बाईंना नुसतं परिपत्रक पाठवून हे काम होत नाही. कोणाला तरी त्यासाठी वेळ मोकळा करून द्यावा लागतो.

महाराष्ट्रात लहान वर्गांसाठी शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केलं आणि पुढे राज्य शासनाबरोबर ते विस्तारलं. जोडीने, गटाने काम करणं, ऐकून घेणं, मतभेद बोलून मिटवणं हे त्यात रोजच्या तासिकांतून येतं. छळाचं नाव न घेता छळाची जमीन कमी करण्याचा तो मार्ग आहे.

पहिली ते चौथीच्या वर्गात

लहान मुलांना ‘चांगलं वागा’ कळत नाही. नेमकी कृती आणि नेमकं वाक्य कळतं. म्हणून नियम तीनच असावेत आणि ते मुलांच्याच शब्दांत भिंतीवर असावेत: आम्ही कोणाला त्रास देत नाही; कोणाला त्रास होत असेल तर मदत करतो; एकटं कोणी असेल तर खेळायला घेतो.

मदत म्हणजे काय, याची तालीम करून घ्यावी. एक मूल खोटी खोटी चप्पल पळवेल, दुसरं म्हणेल, ‘दे त्याची चप्पल,’ तिसरं सोसणाऱ्याचा हात धरून म्हणेल, ‘चल, आपण तिकडे खेळू.’ चौथं बाईंना बोलवायला धावेल. ज्याला समोर बोलायची हिंमत नाही, त्याने न हसणं हीसुद्धा मदतच आहे, हेही सांगावं. वाक्य तोंडात बसलेलं असलं, की प्रसंगी ते आपोआप येतं.

सांगणं आणि चुगली यांतला फरक मुलांना एका प्रश्नाने समजतो: ‘तू हे कोणाला ओरडा बसावा म्हणून सांगतोस, की कोणाची सुटका व्हावी म्हणून?’ सुटकेसाठी सांगणाऱ्याचं नाव वर्गात कधीही घेऊ नये.

खेळात आपल्याकडे एक फार शहाणी प्रथा आहे. लपंडावात, पकडापकडीत लहान किंवा न जमणाऱ्या मुलाला ‘कच्चं लिंबू’ करून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. मधल्या सुट्टीत ‘कोणालाही खेळायला नाही म्हणायचं नाही’ हा नियम करताना या प्रथेचा आधार घेता येतो. फक्त एकच मूल वर्षभर कच्चं लिंबू राहत नाही ना, हे बघावं लागतं. संघ पाडताना म्होरक्यांना खेळाडू निवडायला लावू नये. सर्वांत शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं.

प्रसंग घडलाच तर आधी थांबवायचं, मग सोसणाऱ्याशी आणि त्रास देणाऱ्यांशी वेगवेगळं बोलायचं. टोळीतल्या प्रत्येकाला एकेकटं गाठायचं. ‘तू असं का केलंस?’ या प्रश्नाला लहान मुलाकडे उत्तर नसतं, आणि मग ते थाप मारतं. ‘त्याला बरं वाटावं म्हणून तू उद्या काय करशील?’ याला उत्तर असतं. दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने सोसणाऱ्याला पुन्हा विचारायचं. ही शेवटची पायरी सर्वाधिक वेळा राहून जाते.

चौकट: बाईंसाठी, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात

• तीन नियम मुलांबरोबर ठरवून भिंतीवर लावा.
• हिरव्या-लाल ठिपक्यांचा नकाशा काढून घ्या, लाल जागी सुट्टीत कोणी उभं राहायचं ते ठरवा.
• नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला पहिले काही आठवडे एक सोबती द्या.
• जागा दर पंधरवड्याला बदला, म्हणजे टोळ्या घट्ट होत नाहीत.
• ‘ए, सोड त्याला’ आणि ‘चल, आपल्याकडे ये’ या दोन वाक्यांची तालीम घ्या.
• पहिल्या पालकसभेत याच विषयावर दहा मिनिटं बोला.

घरी काय विचारायचं

‘आज शाळेत कोणी त्रास दिला का?’ याला उत्तर ‘नाही’ असतं. ‘आज मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसून डबा खाल्ला?’, ‘कोणता खेळ खेळलात, राज्य कोणावर होतं?’ असं विचारलं की चित्र आपोआप उभं राहतं. वस्तू वारंवार हरवणं, लघवी दाबून घरी धावत येणं, आवडत्या रिक्षाने जायला अचानक नकार, झोपेत दचकणं, या खुणा एकत्र दिसल्या तर विचारपूस करावी. मूल सांगू लागलं की मध्येच सल्ला देऊ नये. ‘बरं झालं सांगितलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं आधी म्हणावं. मग दिनांक, जागा, काय घडलं, हे लिहून ते शिक्षकांकडे न्यावं. दुसऱ्या मुलाच्या आईला गेटवर गाठून भांडू नये. त्या भांडणाची बातमी मुलांआधी वर्गात पोचते.

आपलंच मूल त्रास देतं असं कळलं तर? ‘माझा असं करूच शकत नाही’ हे वाक्य गिळावं लागतं. घरात त्याच्याशी कोण कसं वागतं, त्याला दुसऱ्या कशात मान मिळतो का, हे पाहावं. मोठ्या भावाचा मार खाणारं मूल शाळेत लहानाला मारतं, हे नवल नाही.

‘मुलं आहेत, मोठी झाली की विसरतील’ असं मात्र धरून चालू नये. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या सुमारे आठ हजार जणांचा मागोवा घेतला गेला. सात आणि अकराव्या वर्षी छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य अधिक आढळलं आणि नात्यांची साथ कमी, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

दार कुठे ठोठावायचं

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. अनुदानित आणि सरकारी शाळांतली ही समिती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे बनते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. म्हणजे हा विषय बैठकीत मांडायला पालकांना कोणाची परवानगी लागत नाही. राज्यातल्या शाळांत तक्रारपेटी असावी आणि २०२२ च्या शासन निर्णयानुसार सखी सावित्री समिती असावी, अशी व्यवस्था आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांना सीबीएसईने २०१५ मध्ये छळविरोधी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या. प्रकरण गंभीर असेल, मुलाच्या अंगाला किंवा लाजेला धक्का पोचला असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते.

तक्रारपेटी लहानांना अडचणीची असते, कारण त्यांना लिहिता येत नाही. पेटीजवळ कोरे कागद आणि रंगीत खडू ठेवले, चित्र काढून टाकलं तरी चालेल असं सांगितलं, आणि पेटी मुलांच्या उंचीला, मुख्याध्यापकांच्या खोलीपासून दूर टांगली, तर ती वापरात येते.

एक गोष्ट शाळांनी आधीच समजून घ्यावी. हे सगळं सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी वाढतात. मुख्याध्यापक घाबरतात, संस्थाचालक विचारतात, आपल्याच शाळेत एवढं का? छळ वाढलेला नसतो, आजवर न सांगितलेलं बाहेर येऊ लागलेलं असतं. त्या टप्प्यावर ‘आमच्या शाळेत असलं काही नाही’ म्हणून पेटीला कुलूप घालणारी शाळा पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. प्रत्येक तक्रारीनंतर काहीतरी घडतं, असा मुलांना अनुभव आला तर पुढच्या सत्रात आकडा खाली येऊ लागतो. म्हणून शाळेची पारख करताना ‘तक्रारी किती?’ हे विचारून भागत नाही. ‘मागच्या महिन्यातल्या तक्रारींचं पुढे काय झालं?’ असं पालकांनी पुढच्या पालकसभेत विचारावं, आणि उत्तराची नोंद मागून घ्यावी.